साहेब कागद का वाचत नसत

‘उत्तर चौकी’ ही मालिका बंद पडून एक पिढी उलटली होती, पण तिच्यावरचे वाद काही बंद पडले नव्हते. फोनवरच्या एका ग्रुपमध्ये तिचे चाहते जमत आणि रोज नव्या उत्साहाने भांडत. तिसऱ्या भागातल्या जीपला पाठलाग सुरू होताना एक नंबर आणि संपताना दुसराच कसा? टेबलावरच्या टेलिफोनला वायरच नाही, मग तो वाजतो कसा? खऱ्या चौकीत बेड्या अशा उलट्या घालतात का? ज्यांना घरात कुणी विचारत नव्हतं अशी माणसंही इथे ठामपणे मतं मांडत.

त्या ग्रुपमध्ये एका चष्मेवाल्याला सगळे ‘भिंग’ म्हणायचे. बाजारातल्या गल्लीत त्याचं चष्म्यांचं दुकान होतं आणि चुका शोधण्यात त्याचा हात कुणी धरत नसे. एका प्रसंगात आरोपीच्या शर्टाला चार बटणं आणि पुढच्याच क्षणी पाच, हे त्यानेच शोधून काढलं होतं. त्या दिवशी तो घरात असा वावरला, की बायकोने विचारलं, “काय, खुनी सापडला का?”

पण सगळ्यात जुना वाद होता तो कागदाचा. मालिकेतले चौकीप्रमुख, ज्यांना सगळे नुसतं ‘साहेब’ म्हणत, ते कधीही कागद स्वतः वाचत नसत. जबाब असो, चिठ्ठी असो, नाहीतर वरून आलेला हुकूम असो. कागद हातात घ्यायचे, उजेडात धरायचे, शांतपणे घडी घालायचे आणि शेजारच्या जमादाराला द्यायचे. “वाच. सावकाश वाच.” हे वाक्य त्या काळी घराघरात झालं होतं. पोरं शाळेत एकमेकांच्या वह्या हिसकावून तेच म्हणायची.

ग्रुपवर याच्या दोन बाजू पडल्या होत्या. एका बाजूला मास्तर, म्हणजे निवृत्त शाळामास्तर. त्यांचं म्हणणं, साहेब कागद वाचत नाहीत कारण ते तेवढ्या वेळात समोरच्याचा चेहरा वाचतात. जबाब ऐकताना आरोपी कुठे पापणी लववतो, कुठे आवंढा गिळतो, ते टिपतात. दुसऱ्या बाजूला भिंग. त्याचं म्हणणं, हे सगळं नंतर चिकटवलेलं शहाणपण आहे. अधिकाऱ्याने जबाब स्वतः वाचून सही करायची असते, जमादाराकडून वाचून घेणं हे नियमाला धरून नाही, लिहिणाऱ्यांना चौकीतलं काम ठाऊक नव्हतं. या एका मुद्द्यावर दोघांनी इतका कीस काढला होता, की बाकीचे नुसतं हसून सोडून द्यायचे. तशी दोघांची मैत्री होती. मास्तरांचा चष्माही भिंगच्याच दुकानातला.

मग साहेबांचं काम केलेल्या नटाचा पत्ता लागला. त्यांनाही सगळे साहेबच म्हणत. ते याच शहरात, मुलीकडे राहत होते. मुलगी इस्पितळात परिचारिका होती. ग्रुपने ठरवलं की त्यांचा छोटा सत्कार करायचा, गप्पा मारायच्या, आणि भेट म्हणून नवा चष्मा द्यायचा. चष्म्याचं काम अर्थातच भिंगकडे आलं. त्या आठवड्यात त्याने दुकानाची काच दोनदा पुसली.

साहेब दुकानात आले ते पायऱ्यांचा कठडा न धरता, ताठ. आवाज तोच. “डोळे तपासायचेत ना? तपासा. गुन्हा कबूल आहे, दिसत नाही.” भिंग हसला आणि त्यांना आतल्या अंधाऱ्या खोलीत घेऊन गेला. जाड फ्रेममध्ये एकेक काच घालत त्याने समोरच्या उजळलेल्या तक्त्यावरची ओळ विचारली.

“पुसट आहे,” साहेब म्हणाले.

काच बदलली. “पुसटच.”

आणखी बदलली. तेच उत्तर. भिंगला नवल वाटलं, कारण मघाशी याच माणसाने लांबच्या फळीवरच्या फ्रेमचा उडालेला रंग दाखवला होता. त्याने सगळ्यात वरचं, हाताएवढं मोठं अक्षर विचारलं. साहेब गप्प राहिले. त्या गप्प राहण्यात काय होतं ते धंद्यात मुरलेल्या माणसाला कळायला वेळ लागला नाही. त्याने काही न बोलता तक्ता बदलला. हा तक्ता लहान मुलांसाठी आणि अक्षरओळख नसलेल्यांसाठी असतो. त्यावर कंगव्यासारखी एकच खूण वेगवेगळ्या बाजूंना वळवलेली असते.

“दात कुठल्या बाजूला आहेत तेवढं सांगा.”

“वर. डावीकडे. खाली. परत डावीकडे.” साहेबांनी शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड सांगितलं. मग ती जड फ्रेम त्यांनी स्वतःच नाकावरून काढली. “कळलं तुम्हाला.”

भिंगने मान हलवली.

“शाळेचं तोंड पाहिलं नाही मी. मुलीला ठाऊक आहे. आमची ही होती, तिला वाटायचं लोकांना कळू नये, लोक हसतील. ती गेली, पण तिचा शब्द मी मोडला नाही.” त्यांनी फ्रेम त्याच्या हातात दिली. “तुमचंही डॉक्टरांसारखंच असतं ना? आत बोललेलं आतच?”

“अगदी,” भिंग म्हणाला. “निश्चिंत राहा.” आणि हे तो मनापासून म्हणाला होता. पुढे त्याला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच.

चष्मा जवळचं बघायला, म्हणजे दाढी करायला, नखं कापायला, बटण लावायला लागणार होता. तसा नंबर काढून त्याने झकास काम केलं. काही दिवस तो त्या गुपिताचा मान ठेवून होता. उलट, साहेबांनी आपल्यालाच सांगितलं याचा त्याला आतून अभिमान वाटे. पण त्यातच एक काटा होता. इतक्या वर्षांच्या वादाचं खरं उत्तर आता त्याच्या खिशात होतं, आणि ते काढून दाखवता येत नव्हतं.

सत्काराच्या आदल्या दिवशी, दुपारी दुकानात कुणी नव्हतं. ग्रुपवर परत कागदाचा विषय निघाला. मास्तर रंगात होते. त्यांनी लांबलचक लिहिलं आणि शेवटी जोडलं, ‘दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बॅटरी मारणाऱ्या आमच्या भिंगला चेहरा वाचणं म्हणजे काय, ते कुठून कळणार?’ त्यावर हसऱ्या तोंडांची रांग लागली. कुणी लिहिलं, ‘भिंगला तडा गेला.’

गंमतच होती. एरवी त्यानेही हसून सोडून दिलं असतं. पण त्याची बोटं आधीच चालू झाली होती. ‘चेहरा वाचायचं राहू द्या मास्तर. आधी अक्षर वाचता यावं लागतं. साहेब माझ्या तक्त्यासमोर बसून गेलेत. मला माहीत आहे ते कागद का वाचत नसत.’

पाठवलं, आणि काय लिहिलं ते त्याने परत वाचलं. त्याने ते घाईघाईने पुसलं, पण ज्यांनी वाचायचं त्यांनी वाचलं होतं. कुणी प्रश्नचिन्हं टाकली. मास्तरांनी विचारलं, ‘म्हणजे काय म्हणायचंय तुला?’

‘काही नाही. असंच,’ त्याने लिहिलं आणि फोन उलटा करून ठेवला.

त्याच वेळी मास्तरांना एक फोन करून ‘हा विषय उद्या काढू नका’ एवढं सांगता आलं असतं. तसं त्याच्या मनात आलंही. पण सांगायचं म्हणजे चूक कबूल करायची, आणि मास्तरांसमोर चूक कबूल करायची त्याला सवय नव्हती.

सत्कार वाचनालयाच्या वरच्या सभागृहात होता. घडीच्या खुर्च्या भरल्या होत्या आणि मागे माणसं उभी होती. भिंग बायकोला घेऊन आला होता, दुसऱ्या रांगेत बसला होता. प्रत्येक खुर्चीवर मास्तरांनी लिहिलेलं मानपत्र छापून ठेवलं होतं: साहेबांनी आपल्याला काय दिलं, दर आठवड्याला घरंच्या घरं कशी एका खोलीत जमायची, असं बरंच काही. मनापासून लिहिलेलं.

साहेबांनी पहिला तास जिंकला. जीपचा नंबर का बदलतो, असं कुणी विचारलं.

“एक जीप चढावर बंद पडायची. पाठलागाला उसनी आणायचो. चोर मात्र एकच होता.”

“आणि टेलिफोनची वायर?”

“तिला अडकून मी पडलो, म्हणून कापून टाकली. एवढं मोठं नाक मोडलं असतं, तर मालिकेला परवडणारं नव्हतं.”

बेड्यांची किल्ली एकदा हरवली, तेव्हा चोराचं काम करणाऱ्याला जेवणाच्या सुट्टीत जमादाराने घास भरवले, हे सांगताना ते स्वतःच इतके हसले की डोळे पुसायला लागले. त्यांची मुलगी पहिल्या रांगेत बसून पाहत होती. बाप असा खुललेला तिने बऱ्याच दिवसांत पाहिला नसावा.

मग मास्तर उठले. हातात मानपत्राची मूळ प्रत होती. कालचा तो पुसलेला मजकूर मास्तरांना झोंबला होता. कुणी साहेबांबद्दल असं काही सुचवावं हेच त्यांना सहन झालं नव्हतं, आणि चारचौघांत ते खोटं पाडायचं असं त्यांनी ठरवलं होतं. हे भिंगला त्यांच्या चालण्यावरूनच कळलं.

“साहेब,” मास्तर म्हणाले, “जन्मभर तुम्ही दुसऱ्याला ‘वाच’ म्हणालात. आज आमच्यासाठी तुम्ही वाचा. सावकाश वाचा.”

सभागृहाने टाळ्यांचा गजर केला. मुलगी अर्धवट उठली, पण साहेबांनी कागद घेतला होता. त्यांनी खिशातून नवा चष्मा काढला, चढवला, कागद हातभर लांब धरला. जिथे जातील तिथे लोक त्यांना शेवटच्या भागातला तो जबाब म्हणायला लावत, ज्यात साहेब स्वतःच्याच भावाला अटक करतात. हाही तोच असणार, असं त्यांना वाटलं. घसा खाकरून त्यांनी सुरुवात केली.

आवाज असा लागला, की पहिल्या दोन वाक्यांना लोक भारावले. मग खुर्च्यांवर कागद हलले. लोक हातातल्या मानपत्राकडे पाहू लागले, मग साहेबांकडे, मग पुन्हा मानपत्राकडे. साहेबांची नजर मात्र ओळीमागून ओळ सरकत होती, डावीकडून उजवीकडे, अगदी वाचणाऱ्या माणसासारखी. भावाच्या नावाशी आवाज कापला, तो नेमका जिथे कापायचा तिथेच. मागे कुणीतरी फिसकन हसलं. मास्तर हात तसाच पुढे धरून उभे होते, जणू दिलेला कागद परत घेता आला तर बरं.

साहेब मध्येच थांबले. मोठा नट होता तो, समोरच्या गर्दीचा श्वास त्याला कळत होता. काहीतरी चुकलंय हे कळलं, काय ते कळलं नाही. त्यांनी मुलीकडे पाहिलं.

ती झटकन व्यासपीठावर चढली. “नवा चष्मा आहे,” ती मोठ्याने म्हणाली. “नंबर चुकलेला दिसतोय. त्यांना नीट दिसत नाहीये.”

सगळं सभागृह भिंगकडे वळलं. गल्लीतले, ओळखीचे, त्याच्याच दुकानातले चष्मे लावलेले लोक. त्याने नुसती मान खाली घातली असती तरी चाललं असतं. काही न बोलता बसून राहिला असता तरी चाललं असतं.

“नाही,” तो म्हणाला. “नंबर अगदी बरोबर आहे.”

तोंडातून शब्द गेल्यावर त्याला तो आवाज आपलाच आहे हे कळलं. मागून कुणीतरी ओरडलं, “वाच, सावकाश वाच!” आणि हशा पिकला. दुष्टपणाने नव्हे, बहुतेकांना काय बोलावं ते सुचलं नाही म्हणून. साहेबही हसले. नटाने हसावं तसे, पूर्ण तोंडभर. मुलीने त्यांच्या हातातला कागद काढून घेतला, दंडाला धरलं आणि बाजूच्या दाराने त्यांना घेऊन गेली.

घरी कुलूप काढताना बायको म्हणाली, “नंबर बरोबर होता हे तुला कुणी विचारलं होतं?”

फोनवर ग्रुप दणाणत होता. ‘भिंग जिंकला.’ ‘इतक्या वर्षांचा निकाल लागला.’ ‘मानलं बुवा.’ जन्मभर ज्या कौतुकासाठी तो बटणं मोजत आला, ते असं ढिगाने पडलं होतं, आणि त्याला त्या पडद्याकडे बघवत नव्हतं. मास्तरांचा फोन आला. ते ओरडले नाहीत. “तुला माहीत होतं,” ते म्हणाले. “मला एका शब्दाने सांगितलं असतंस रे. मी माझ्या हाताने त्यांच्या हातात कागद दिला.” आणि फोन ठेवला. संध्याकाळी मास्तर ग्रुपमधून बाहेर पडले.

पुढचे काही दिवस भिंग दुकानात मान वर न करता काम करत राहिला. दारावर सावली पडली की वाटायचं, साहेबांची मुलगी तर नसेल? ती आली नाही. शेवटी बायकोच म्हणाली, “जाऊन ये. इथे बसून तोंड लपवण्यापेक्षा तिथे जाऊन शिव्या खा.”

दार मुलीने उघडलं. तिने त्याच्याकडे इस्पितळात नको त्या वेळी आलेल्या नातेवाइकाकडे पाहावं तसं पाहिलं, आणि आत बघून म्हणाली, “बाबा, ते चष्मेवाले.”

साहेब टेबलावर चादर अंथरून शर्टांना इस्त्री करत होते. तोच चष्मा डोळ्यांवर होता. “या. चष्मा छान झालाय. कॉलरची चुणी आता दिसते.”

यापेक्षा त्यांनी तो तोंडावर फेकला असता तरी बरं वाटलं असतं. भिंग उभाच राहिला. “मी माफी मागायला आलोय,” तो म्हणाला. “ग्रुपवर मी आदल्या दिवशी लिहिलं होतं. मास्तरांनी ते वाचूनच कागद दिला. ते बिचारे मला खोटं पाडायला गेले.”

“आणि ते नंबरचं?”

“ते कसं बोललो, मला ठाऊक नाही.”

“मला ठाऊक आहे,” साहेब म्हणाले. “तुमचं काम चांगलं आहे. त्याला कुणी नावं ठेवलेली तुम्हाला खपली नाहीत.” त्यांनी बाही उलटली. “आमच्या मालिकेतला जमादार, तो गेला आता. अतिशय खवट माणूस. पैशावरून, फोटोत पुढे कोण उभं राहणार यावरून आयुष्यभर माझ्याशी भांडला. शेवटी तर बोलतही नव्हता. पण त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. एवढ्या भांडणांत हे कधी त्याच्या तोंडातून बाहेर पडलं नाही. तुमचं माझं तर भांडणही नव्हतं. कशासाठी बोललात?”

“वाद जिंकायला.”

“कसला वाद?”

भिंगने सांगितलं. सांगताना त्याचं त्यालाच ते इतकं पोरकट वाटलं की शेवटची वाक्यं तो पुटपुटला. साहेबांनी इस्त्री उभी करून ठेवली.

“मास्तरांचंही बरोबर आहे की. पहिल्या भागात वाचता येत नव्हतं म्हणून कागद जमादाराला दिला. तो वाचायला लागला, मग मी करू काय? समोरच्या माणसाचं तोंड बघत बसलो. दिग्दर्शक म्हणाला, हे भारी आहे, हेच ठेवायचं. पुढे मी खरंच तोंडंच बघत होतो.”

इतक्या वर्षांचा वाद असा एका इस्त्रीच्या टेबलाशी मिटला होता. आणि त्या क्षणी भिंगच्या जिभेवर आलं, ‘हे ग्रुपवर लिहू का?’ शब्द दातांपर्यंत आले होते. त्याने ते गिळले, पण आले होते हे त्याला ठाऊक होतं, आणि साहेब त्याच्या तोंडाकडेच बघत होते.

“तुम्ही माफी मागितलीत, ठीक केलंत,” साहेब सावकाश म्हणाले. “पण मी दिली असं धरून चालू नका. गुपित माझ्या एकट्याचं असतं तर दिली असती. ते आमच्या हिचं होतं. तिने रात्रंदिवस मला संवाद वाचून दाखवले, घसा बसेपर्यंत. आणि कुणाला कळू दिलं नाही.” त्यांनी पुढचा शर्ट घेतला. “चहा घेणार?”

त्याला चहा नको होता. पण नको म्हणणं शोभलं नसतं. मुलीने कप टेबलावर ठेवला, हातात दिला नाही. तो कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून सगळा चहा प्यायला, आणि तेवढा वेळ खोलीत फक्त इस्त्रीचा आवाज होता.

घरी येऊन त्याने ग्रुपवर एवढंच लिहिलं: ‘साहेबांच्या चष्म्याचा नंबर माझ्याकडून चुकला होता. त्यांना दिसत नव्हतं. चूक माझी.’ चुका शोधण्यात हयात गेलेल्या माणसाने पहिल्यांदाच मुद्दाम चुकीचं लिहिलं होतं. त्यावर कुणी डोळा मारणारं तोंड टाकलं, कुणी लिहिलं, ‘आता काय उपयोग!’ खरं कुणालाच वाटलं नाही. फक्त गल्लीतल्या दोन-चार गिऱ्हाइकांना वाटलं, आणि ती आपापले चष्मे घेऊन नंबर परत तपासायला आली. त्याने मुकाट्याने तपासून दिले.

त्या आठवड्याच्या शेवटी मास्तरांचा फोन आला. कुणीतरी त्यांना तो मजकूर दाखवला होता.

“खोटं लिहिलंस ना?”

“हो.”

“सभागृहात बोलायला हवं होतंस.”

“हो.”

साहेबांनी काय सांगितलं, ते त्याला मास्तरांना सांगावंसं वाटलं. तुम्ही बरोबर होतात, एवढं तरी. पण ते सांगायची परवानगी त्याने मागितली नव्हती, आणि मागायला परत त्या दारात जायची हिंमत त्याच्यात नव्हती.

“मला आता ती मालिका बघवत नाही,” मास्तर म्हणाले.

“मलाही,” तो म्हणाला.